गॅरेजमधला कॉम्रेड

माझ्या वडिलांना मी न्यूझीलंडला आणलं, सहा महिने गप्प बसवलं आणि परत पाठवून दिलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला आणि लेकीला सांगायची गरजच पडली नाही, त्या तेव्हा घरातच होत्या.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणायचो. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ते वीज मंडळात वायरमन होते. पावसापाण्यात खांबावर चढून तारा जोडायच्या हे त्यांचं काम, आणि खाली उतरलं की लाल बावट्याच्या युनियनचं काम. तीस वर्षं सेक्रेटरी होते. नुसते युनियनवाले नव्हेत, पक्षाचं कार्ड बाळगणारे पक्के कम्युनिस्ट. संपात दोनदा आत जाऊन आले होते. आमच्या घरी देवांच्या तसबिरींशेजारी एका दाढीवाल्या जर्मन म्हाताऱ्याचा फोटो होता आणि आई दोन्हीकडे उदबत्ती ओवाळायची. अण्णा म्हणायचे, "अगं, त्याला नको, तो चिडेल." आई म्हणायची, "चिडू दे, धूर काय त्याला वेगळा लागतो?"

२०११ साली मी पुण्याची नोकरी सोडून हॅमिल्टनला आलो. दूध पावडर बनवणाऱ्या यंत्रांचं सॉफ्टवेअर लिहिणं हे माझं काम, ऑफिस शहराच्या 'ते रापा' नावाच्या भागात. इथलं मराठी मंडळ म्हणजे सगळे पुण्या-मुंबईचे, आयटी नाहीतर इंजिनिअरिंगवाले. पहिल्याच गेट-टुगेदरला वडिलांचा विषय निघाला. एकाचे प्रोफेसर, एकाचे बँक मॅनेजर, एकाचे तर न्यायाधीश. माझी पाळी आली. 'वायरमन' हा शब्द जिभेच्या टोकापर्यंत आला आणि मी म्हणालो, "वीज मंडळात इंजिनिअर होते." पुढच्या पाच वर्षांत लोकांनी आपापल्या परीनं भर घातली, मी कुणाला अडवलं नाही, आणि अण्णा चीफ इंजिनिअर झाले. नोकरीत त्यांना एक साधं प्रमोशन मिळालं नव्हतं. मी इथं बसून तीन-चार देऊन टाकली.

आई गेल्यावर २०१६च्या फेब्रुवारीत त्यांना व्हिजिटर व्हिसावर बोलावलं. वय चौऱ्याहत्तर. त्यांनी कायमचंच इथं राहावं असं माझ्या मनात होतं, म्हणून पालकांसाठीच्या रेसिडेन्सीचे फॉर्म मी वाचायला घेतले होते. त्यात चारित्र्याबद्दल प्रश्न होते, कुठल्या हिंसक संघटनेशी संबंध होता का वगैरे. आता अण्णांची संघटना हिंसक कसली! चहा-भजी खाऊन ठराव करणारी माणसं ती. पण माझ्या डोक्यात किडा शिरला. कम्युनिस्ट म्हटलं की गोरे लोक फाईल बाजूला ठेवणार, हे मीच ठरवलं. कुणाला विचारलं? कुणालाही नाही.

ऑकलंडच्या विमानतळावरून निघाल्यावर वाटेत पापाटोएटोला गाडी थांबवली, मसाले आणि ज्वारीचं पीठ घेतलं, आणि परत गाडीत बसल्या बसल्या नियम सांगितले.

"अण्णा, इथं युनियन, पक्ष, लाल बावटा, यातलं काही काढायचं नाही."

"का रे? बंदी आहे का?"

"बंदी नाही हो. पण आपला अर्ज जायचाय. आणि कुणी विचारलं तर बोर्डात इंजिनिअर होतो म्हणायचं."

त्यांनी सीटबेल्ट लावून घेतला. मग म्हणाले, "इंजिनिअरला खांबावर चढता येत नाही." मी हसलो. मला तो विनोद वाटला.

गावाकडचे त्यांचे एक दोस्त त्यांना रोज फोन करायचे. इथं संध्याकाळचे पाच वाजले की तिकडे सकाळ. अण्णांचा आवाज म्हणजे खांबाच्या टोकावरून खालच्या माणसाला हाक मारायची सवय असलेला. फोन स्पीकरवर लागला की, "लाल सलाम, कॉम्रेड!" शेजारच्या घरात मंडळातलंच एक कुटुंब राहायचं. तिसऱ्या दिवशी मी त्यांना म्हणालो, "अण्णा, फोन गॅरेजमध्ये घेत जा, रेंज चांगली येते तिथं." रेंज सगळीकडे सारखीच होती. त्यांनी कॅम्पिंगची खुर्ची उचलली आणि लॉनमोअर आणि फ्रीझरच्या मधल्या जागेत नेऊन मांडली. हळूहळू चहा तिकडे गेला, पेपर तिकडे गेला, दुपारची डुलकीसुद्धा तिकडेच. मीही म्हटलं, बरं झालं.

आमची लेक इथं आली तेव्हा अकरा वर्षांची होती, त्या वर्षी सोळाची. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. एप्रिलच्या सुट्टीत तिला इतिहासाची असाइनमेंट होती. शीतयुद्धात अमेरिकेनं साम्यवाद पसरू न देण्याचं धोरण धरलं, न्यूझीलंडही त्यापायी व्हिएतनामला गेलं; या धोरणाचे फायदे-तोटे लिहा, आणि शक्य असेल तर त्या काळातल्या एखाद्या माणसाशी बोला.

मला काय, आयतं मैदान मिळालं. आम्ही शाळेत 'विज्ञान: शाप की वरदान' लिहून वाढलेले. आम्हाला कुठलाही विषय द्या, मधोमध रेघ मारायची, डावीकडे फायदे, उजवीकडे तोटे, दोन्हीकडे सारखेच मुद्दे, शेवटी 'तारतम्य बाळगले पाहिजे'. मी जेवणाच्या टेबलावर कागद घेऊन बसलो. फायदे: पश्चिम युरोप वाचला, दक्षिण कोरिया वाचला, मोठं महायुद्ध टळलं. तोटे: व्हिएतनाम, हुकूमशहांना मदत, शस्त्रांवर उधळपट्टी. अण्णा समोर बसून परसातले फिजोआ, पेरूसारखी हिरवी फळं, चिरत होते. एप्रिलमध्ये आमच्याकडे फिजोआंचा खच पडतो. ते सुरी थांबवून म्हणाले, "मलाही विचार की गं. ज्याला अडवत होते, तो मीच."

लेकीनं मान वर केली. "व्हॉट डझ ही मीन?"

"काही नाही. अण्णा, तुम्ही फिजोआ चिरा."

ते चिरायला लागले. लेकीनं वहीत काहीतरी लिहून घेतलं.

पुढचा आठवडाभर ती रोज पाचनंतर गॅरेजमध्ये जायची. आजोबांना चहा देतेय म्हणून आम्ही खूश. आजोबा मोडक्या इंग्रजीत आणि ती मोडक्या मराठीत असं काय बोलत असतील, म्हणून बायको कौतुकानं हसायची. शाळा सुरू व्हायच्या तीन दिवस आधी टेबलावर प्रिंट काढलेले कागद पडलेले दिसले. पहिलं वाक्य होतं: माझे आजोबा कम्युनिस्ट आहेत, आणि कम्युनिझम अडवण्याचे फायदे मला त्यांनीच सांगितले.

मी तिथंच उभ्या उभ्या वाचून काढलं. मला आजही ते जवळजवळ पाठ आहे.

अण्णांनी तिला सांगितलं होतं की, भुकेली माणसं लाल होतात या भीतीनं परदेशातून गहू आणि दुधाची पावडर यायची. हेतू काही का असेना, पोटं भरली. शाळेत त्या पावडरीचं कोमट दूध पिऊन ते मोठे झाले आणि आता त्यांचा मुलगा पावडरीच्याच यंत्रांवर काम करतो, याची त्यांना गंमत वाटत होती. कम्युनिस्टांच्या भीतीनं मालक लोक नरमले, जागोजागी कामगारांना पेन्शनी आणि सुट्ट्या मिळाल्या, हा दुसरा फायदा. आणि तिसरा त्यांनी थांबून थांबून सांगितला, असं लेकीनं लिहिलं होतं: "जिथं आमची माणसं सत्तेवर आली, तिथं संपाला बंदी. मी तिथं वायरमन असतो तर पहिल्या महिन्यात आत गेलो असतो, आणि सुटलोही नसतो. बर्लिनची भिंत बांधली ती आमच्या लोकांनी, स्वतःचीच माणसं पळून जाऊ नयेत म्हणून. हे कळायला मला फार वर्षं लागली आणि कळल्यावरसुद्धा मी सभेत बोललो नाही. त्याची लाज वाटते."

मग तोटे. व्हिएतनाममधली जळलेली गावं, ज्यांतल्या लोकांना कम्युनिझम म्हणजे काय हे धड माहीतही नव्हतं. मोठ्या दोस्ताची मर्जी राखायला म्हणून गेलेली न्यूझीलंडची पोरं. शिवाय हे धोरण पोलिसांच्या चौकशीच्या रूपानं आपल्याकडच्या तालुक्याच्या गावांपर्यंत कसं उतरलं ते. रोज पाच वाजता फोन करणारे त्यांचे दोस्त शाळामास्तर होते. पोलिसांचा एक कागद आला आणि नोकरी गेली, मग जन्मभर सायकलींचं दुकान चालवलं. सगळ्यात शेवटी अण्णांचं वाक्य होतं: "एकदा माणसाला अडवायचं ठरलं, की त्याचं म्हणणं काय आहे ते विचारायचं राहूनच जातं."

ते चांगलं होतं. माझ्या डाव्या-उजव्या रकान्यांपेक्षा शंभर पटीनं चांगलं होतं, आणि हे मला वाचतानाच कळलं होतं. म्हणून तर डोक्यात आणखी तिडीक गेली.

"हे शाळेत द्यायचं नाही," मी म्हणालो.

"व्हाय नॉट?"

"अगं, अर्ज करायचाय त्यांचा! उद्या हे कुणी वाचलं, कुणी कुणाला सांगितलं, मग? तुला आजोबा इथं हवेत की नकोत?"

"बाबा, इट्स अ हिस्टरी असाइनमेंट." मग ती हळू आवाजात म्हणाली, "यू आर अशेम्ड ऑफ हिम."

"काहीतरी बरळू नकोस!" मी ओरडलो. बायको आतून धावत आली. लेकीनं फोनवर अण्णांचं सगळं बोलणं रेकॉर्ड केलंय हे तेव्हा कळलं. आठवडाभराचं, चार तासांच्या वर. मी म्हणालो, "ते पण काढून टाक. आत्ता, माझ्यासमोर." तिनं काढून टाकलं. नंतर तिचा फोन मी स्वतः हातात घेऊन तपासला, कचऱ्याच्या डब्यासारखी ती जागा असते ना, जिथं पुसलेल्या गोष्टी महिनाभर पडून राहतात, तिथूनही पुसलं. एवढी अक्कल मला होती, कॉम्प्युटरवालाच ना मी. अण्णा गॅरेजमध्ये होते. त्यांना यातलं काही सांगायचं नाही असं मी दोघींना बजावलं. लेकीनंही सांगितलं नाही. माझ्यासाठी नव्हे, त्यांना वाईट वाटू नये म्हणून.

रविवारी एक मे आला. आमच्या मंडळाचा महाराष्ट्र दिन: कम्युनिटी हॉल, मुलांचं लेझीम, बटाटेवडे, फेट्यातले फोटो. अण्णा सकाळीच इस्त्रीचा शर्ट घालून तयार. उभ्या हयातीत त्यांचा एक मे बावटा फडकवल्याशिवाय गेला नव्हता.

"मला बोलायला सांगतील का रे?" त्यांनी विचारलं.

"अण्णा, इथं महाराष्ट्र दिन असतो. कामगार दिन नाही."

"एकाच दिवशी येतात ना दोन्ही," ते म्हणाले.

आणि सांगितलंच की त्यांना बोलायला! निवेदिका बाई माईकवर म्हणाल्या, "आज आपल्यातले सगळ्यात ज्येष्ठ, महाराष्ट्राच्या गावागावांत वीज पोहोचवणारे निवृत्त चीफ इंजिनिअर, काका, दोन शब्द बोला." दीडशेक माणसं टाळ्या वाजवायला लागली. अण्णा सावकाश वर चढले, चष्मा लावला, आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. दोन्ही बाजूंनी लिहिलेला होता, तिसऱ्या रांगेतून मला दिसत होता. घडी उघडता उघडता त्यांनी माझ्याकडे पाहिलं.

मी मान हलवली. नाही म्हणून. एकदाच, अगदी थोडीशी, पण त्यांना दिसेल अशी.

त्यांनी कागदाची घडी घातली आणि खिशात ठेवली. "सगळ्यांना महाराष्ट्र दिनाच्या शुभेच्छा," ते म्हणाले. "मुलांनी लेझीम छान केलं. माझ्या मुलानं मला एवढ्या लांब आणलं, चांगलं सांभाळतो. मी त्याचा आभारी आहे." आणि खाली उतरले. माझ्या शेजारी बसलेली लेक उठून हॉलबाहेर निघून गेली.

जेवताना एकानं विचारलं, "काका, तुम्ही नेमके कुठल्या साइडला होता, वीजनिर्मिती की वितरण?" अण्णा वडा खात शांतपणे म्हणाले, "गावातल्या लाइनींवर. सगळं वरून बघायचो." समोरचा माणूस आदरानं मान डोलवत राहिला. जन्मात खोटं न बोललेला माणूस माझ्यासाठी असा शब्द जुळवून बोलत होता आणि मी शेजारी उभा राहून ताक पीत होतो. अरे, निदान तेव्हा तरी काहीतरी म्हणायचं! काहीच म्हणालो नाही.

लेकीनं त्या आठवड्यात माझा दोन रकान्यांचा निबंध जसाच्या तसा नेऊन दिला. जेमतेम पास झाली. बाईंनी खाली लिहिलं होतं: मांडणी व्यवस्थित आहे, पण हे कुणाचं म्हणणं आहे ते कळत नाही.

जूनमध्ये एकदाचा मी पापाटोएटोच्या एका इमिग्रेशन सल्लागाराकडे गेलो. दार लावून घेतलं, आवाज खाली आणला आणि वडिलांचं सगळं सांगितलं. तो गुजराती माणूस टेबलावर हात आपटून हसला. "अरे भाई, युनियनवाले? इथं युनियनमधून आलेले लोक पार्लमेंटमध्ये बसतात! कोण विचारतंय?" मी बाहेर येऊन गाडीत बसलो. जे मी पाच महिने अडवत होतो, ते मुळात कुणाच्या अंगावर येतच नव्हतं. घरी जाऊन अण्णांना सांगायचं होतं, की बोला आता काय बोलायचं ते. पण मग आधी का गप्प केलं तेही सांगावं लागलं असतं. नाही सांगितलं.

ऑगस्टमध्ये त्यांची मुदत संपली. विमानतळावर मी वाकून नमस्कार केला. त्यांनी खांद्यावर हात ठेवला आणि कामावरून आलेला माणूस साहेबाला सांगतो तशा आवाजात म्हणाले, "मी इथं कुणाला काही सांगितलं नाही हं." मी म्हणालो, "सांभाळून जा." अर्ज पुढच्या महिन्यात करू म्हणता म्हणता राहिला आणि त्याच वर्षाअखेर सरकारनं ती योजना नव्या अर्जांसाठी बंद केली. अण्णा पुन्हा आले नाहीत.

२०१८च्या पावसाळ्यात ते गेले. मी पोहोचलो तेव्हा अंगणात माणसंच माणसं. वायरमन, त्यांची पोरं, आशा कार्यकर्त्या, सूतगिरणीतून काढून टाकलेले कामगार. अण्णांच्या अंगावर लाल बावटा पांघरला होता. सगळं उरकल्यावर एक काटकुळे म्हातारे काठी टेकत माझ्याजवळ आले. आवाजावरून ओळखलं. पाच वाजताचे कॉम्रेड.

त्यांनी माझे दोन्ही हात हातात घेतले. "तुम्ही मोठं काम केलंत," ते म्हणाले. "इथं आमच्या एक मेला आता तीस माणसं जमत नाहीत. तुम्ही परदेशात दीडशे माणसांपुढं त्यांना उभं केलंत. तिकडून आल्यावर युनियनच्या ऑफिसात बसून आम्हाला ते पूर्ण भाषण वाचून दाखवलं त्यांनी. कागद होता खिशात. लोकांनी फार टाळ्या वाजवल्या म्हणाले. खरं ना?"

"हो," मी म्हणालो. "फार वाजवल्या."

"कागद मात्र कुठं गेला कुणास ठाऊक. पण नातीनं सगळं फोनवर भरून ठेवलंय, असं शेवटपर्यंत सांगायचे. आजारपणात सुद्धा. म्हणायचे, माझं आता काही राहिलं नाही, पोरीकडे सगळं आहे." ते डोळे पुसत हसले. "तेवढं आम्हाला पाठवा. नव्या पोरांना ऐकवू."

"पाठवतो," मी म्हणालो.

लेक आता वेलिंग्टनला शिकते, इतिहासच शिकते. तिला फोन करून मी हे सगळं सांगितलं. ती चक्क मराठीत म्हणाली, "बाबा, मी नाही सांगणार त्यांना. तुम्ही सांगा." आणि फोन ठेवला.

२०१९च्या एक मेला मी मंडळाच्या कार्यक्रमाला गेलो नाही. संध्याकाळी पाच वाजता गॅरेजमध्ये लॉनमोअर काढायला गेलो होतो, तेव्हा फोन वाजला. कॉम्रेडचा मेसेज होता. लाल सलाम. नातीकडचं ते अण्णांचं रेकॉर्डिंग पाठवायचं राहिलंय, तुम्ही कामात असाल, सवडीनं पाठवा, आम्ही वाट बघतो.

मी त्यांना अजून उत्तर दिलेलं नाही.